अर्धशिशींतील दृष्टिविकार : निदान, उपशम व पोथीवाचकाची साक्ष

(१) लेखाचें प्रयोजन

हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहतांना लेखनिकाचे दोष आपण बारकाईनें नोंदतों. एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर गेलेली नजर, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, समासांतील टीप मूळांत शिरणें, हे सर्व प्रकार आपल्या नित्य परिचयाचे आहेत. परंतु पाठ ताडणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांचे दोष नोंदण्याची चाल आपणांत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक दोष आहे. तो मला स्वतःला आहे, आणि त्यापायीं एका निर्दोष पोथीविषयीं खोटी साक्ष माझ्या हातून कागदावर उतरली. सबब ती हकीकत आरंभींच सांगणें प्राप्त आहे.

शाळेंतून निवृत्त झाल्यास एक वर्ष झालें होतें. आषाढाचे दिवस होते. घरच्या संग्रहांतील माधवनिदानाची एक पोथी मी छापील प्रतीशीं ताडून पाहत होतों. आदल्या रात्रीं जागरण झालें होतें, दुपारचें जेवण लांबलें होतें, आणि पावसाची सर ओसरून खिडकींतून आलेलें ऊन समोरच्या पांढऱ्या वहीवर पडलें होतें. ज्वरनिदानाच्या एका पत्रावर पांचव्या ओळींत चार अक्षरें नाहींत असें मला दिसलें. तेथें कागद कोरा होता. ना हरताळ, ना कसरीचें भोंक. मीं वहींत ‘अत्र चत्वार्यक्षराणि त्रुटितानि’ असें लिहिलें व पुढें वाचूं लागलों. सहाव्या ओळींतही तसाच खंड आढळला. सातव्या ओळीवर नजर नेली तों तो खंड नजरेबरोबर तेथेंही आला. तेव्हां मी चपापलों. थोड्याच वेळांत त्या कोऱ्या जागेच्या कडेला करवतीच्या दांत्यांसारखी एक लखलखणारी रेघ उमटली, धनुष्यासारखी वांकली, आणि उजवीकडे पसरत पसरत वीस-पंचवीस मिनिटांनीं दृष्टीच्या सीमेबाहेर निघून गेली. मागाहून डाव्या कानशिलांत ठणका लागला व तो संध्याकाळपर्यंत राहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेंच पत्र पुन्हा उघडलें. चारही अक्षरें आपल्या जागीं, शाई ठळक, वळण स्वच्छ!

असा चमचमाट मला तिशीपासून वर्षाकाठीं एखाद-दुसऱ्या वेळीं होत असे. परंतु ‘पित्त खवळलें’ एवढें म्हणून मी तो सोडून देत असें. या प्रसंगानंतर मात्र मीं माझ्या सर्व जुन्या वह्या काढल्या, आणि जेथें जेथें ‘त्रुटित’ असा शेरा होता तेथें तेथें मूळ पोथी पुन्हा पाहिली. आणखी दोन ठिकाणीं शेरा खोटा निघाला. यांतील एक शेरा मीं एका स्नेह्यास पत्रानें कळविलाही होता. त्यांची क्षमा मागितली. परंतु क्षमा मागून पाठ दुरुस्त होत नाहीं, तो कळवूनच दुरुस्त करावा लागतो. या विकाराचा शोध मीं येथून घेतला. तो पुढें क्रमानें मांडतों.

(२) अर्धावभेदक : ग्रंथांतील स्वरूप

अर्ध्या डोक्याच्या दुखण्यास आपल्या वैद्यकग्रंथांत अर्धावभेदक अशी संज्ञा आहे. मराठींतील अर्धशिशी हा शब्द अर्ध व शीर्ष या दोन पदांशीं आपलें नातें उघडच सांगतो. चरकसंहितेंत या रोगाचें सविस्तर वर्णन सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायांत आहे. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धि हीं दोन स्थानें दृढबलानें पूर्ण केलीं, हें त्या ग्रंथांतच नमूद आहे. तेव्हां या वर्णनाचें श्रेय दृढबलाच्या पदरीं टाकणें अधिक न्याय्य होय. तेथें कारणें दिलीं आहेत तीं येणेंप्रमाणें : रुक्ष अन्न, अति भोजन, पहिलें जिरण्यापूर्वींच दुसरें भोजन, पूर्वेकडील वारा, दंव, मैथुन, मलमूत्रादि वेगांचा अवरोध, श्रम आणि व्यायाम. यांमुळें वायु, एकटा किंवा कफासह, अर्ध्या मस्तकास धरतो, आणि मान, भुंवई, शंख, कान, डोळा व कपाळ यांच्या अर्ध्या भागीं तीव्र वेदना करतो, असें तेथील म्हणणें आहे.

सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायांत अकरा शिरोरोग मोजले आहेत व अर्धावभेदक हा त्यांपैकीं एक आहे. भेदल्यासारखी व टोंचल्यासारखी वेदना आणि भ्रम हीं लक्षणें सांगून, हा विकार पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उठतो, असें तेथें म्हटलें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत तेविसाव्या अध्यायांत पंधरवडा किंवा महिना असा काळ दिला आहे, आणि हा रोग आपला आपणच शमतो अशी मोठी मार्मिक नोंद केली आहे. ती मार्मिक अशासाठीं कीं, जो रोग आपोआप शमतो त्यांत शेवटीं घेतलेल्या औषधास फुकटचें यश मिळतें. उपायांचा विचार करतांना हें सूत्र आपणांस पुन्हा लागणार आहे. रोग फार वाढल्यास डोळा किंवा कान यांचा नाश होतो, असा इशाराही दृढबल व वाग्भट या दोघांनीं दिला आहे.

सूर्यावर्त हा याहून निराळा रोग. सूर्याबरोबर चढणारें व दिवस कलतां उतरणारें दुखणें तें सूर्यावर्त. व्यवहारांत पुष्कळदां दोहोंसही अर्धशिशी म्हणतात. ग्रंथकारांनीं मात्र दोन्ही वेगळे ठेविले आहेत, व आपणही ते वेगळेच ठेवावे.

(३) चमकणारी रेघ ग्रंथांत आहे काय ?

आतां मुख्य प्रश्न. डोकें दुखण्यापूर्वीं जो दृष्टीचा विकार होतो, ज्यास पाश्चात्य वैद्यक ‘ऑरा’ म्हणतें व ज्यास आपण पूर्वरूप म्हणूं, तो आपल्या आचार्यांनीं वर्णिला आहे काय ? ‘आहे’ असें उत्तर देण्याचा मोह मलाही झाला, कारण सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या सातव्या अध्यायांत थक्क करणारें साहित्य आहे. दोष दुसऱ्या पटलांत शिरला असतां रोग्यास माशा, चिलटें, केस, जाळीं, मंडलें, पताका, किरण व कुंडलें दिसतात. दोष बाजूस असल्यास बाजूच्या वस्तु दिसत नाहींत. पित्ताच्या योगानें सूर्य, काजवे, इंद्रधनुष्य, वीज आणि मोरपिसाऱ्यासारखे चित्रविचित्र रंग दिसतात. माझ्या रेघेचें वर्णन मला करावयास सांगितलें तर याहून चांगले शब्द मला सुचणार नाहींत.

तथापि हीं लक्षणें तिमिराचीं आहेत. तिमिर हा पटलापटलानें आंत शिरणारा व उपेक्षा झाल्यास लिंगनाशापर्यंत, म्हणजे दृष्टि सर्वस्वीं जाण्यापर्यंत, पोंचणारा रोग आहे. अर्ध्या तासांत येऊन निघून जाणारा नव्हे. शिवाय तिमिराचा अध्याय सातवा व अर्धावभेदकाचा पंचविसावा. ग्रंथ एक, तंत्र एक, शालाक्याचा विषय एक, आणि विदेहाधिपाच्या परंपरेचा आधारही एक. असें असूनही ग्रंथकारानें या दोन अध्यायांमध्यें पूल बांधलेला नाहीं. इंद्रधनुष्य पाहून मागाहून अर्धें डोकें दुखलें, असें तो कोठेंही म्हणत नाहीं. अर्धावभेदकाच्या लक्षणांत ‘भ्रम’ शब्द आहे खरा, पण भ्रम म्हणजे भोंवळ. त्यांतून चमकणारी रेघ काढणें म्हणजे शब्दास पिळणें होय.

असें चमकणें पाहिलेले रोगी त्या वैद्यांपुढें आले असतील, हें संभवनीय आहे. परंतु संभव निराळा आणि पाठ निराळा. सातव्या अध्यायांतील शब्द उचलून पंचविसाव्यांत बसविणारा विद्वान् आणि समासांतील टीप मूळांत घालणारा लेखनिक यांच्या अपराधांत मला भेद दिसत नाहीं.

(४) युरोपांतील नोंदी

दुखणें व दृष्टि यांची सांगड स्वानुभवावरून घालून दाखविण्याचें काम युरोपांत एकोणिसाव्या शतकांत झालें. तत्पूर्वीं दुखण्याचें नांव तेथेंही जुनेंच होतें : कॅपाडोशियाच्या अॅरिटीअसनें त्यास हेटरोक्रेनिया म्हटलें, गेलेननें हेमिक्रेनिया, म्हणजे अर्धकपाल, आणि त्याचाच अपभ्रंश होत होत मायग्रेन हा शब्द बनला.

इ. स. १८२४ मध्यें विल्यम हाइड वोलॅस्टन या रसायनज्ञानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत डोळ्यांच्या मज्जातंतूंविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत तो सांगतो कीं, वीसांहून अधिक वर्षांपूर्वीं दोन-तीन तास जबर व्यायाम झाल्यावर त्यास अकस्मात् अर्धीच दृष्टि उरली. एका दारावरील ‘जॉन्सन’ हें नांव वाचूं गेला तों त्यास केवळ ‘सन’ एवढेंच दिसलें. माझ्या चार अक्षरांस याहून जवळचा सोबती मिळावयाचा नाहीं. दृढबलाच्या यादींतील ‘आयास’ व ‘व्यायाम’ या कारणांचेंही येथें अकल्पित उदाहरण मिळतें. परंतु वोलॅस्टनची कथा येथेंच संपत नाहीं. इ. स. १८२८ मध्यें तो वारला, तेव्हां शवविच्छेदनांत त्याच्या मेंदूंत गांठ आढळली. त्याचे कोणते झटके अर्धशिशीचे व कोणते त्या गांठीचे, हें आतां निवडणें शक्य नाहीं. प्रत्येक दृष्टिलोप निरुपद्रवी मानूं नये, हा धडा मात्र त्यापासून घ्यावा.

सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें इ. स. १८५८ च्या एका व्याख्यानांत स्वतःस दिसणाऱ्या या आकृतीस किल्ल्याच्या तटाच्या नकाशाची उपमा दिली. राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यानें इ. स. १८६५ मध्यें आपल्या झटक्यांचें वर्णन छापलें, आणि त्याचा पुत्र ह्यूबर्ट एअरी या वैद्यानें इ. स. १८७० मध्यें रॉयल सोसायटीपुढें सविस्तर निबंध ठेवून सोबत स्वतःच्या डोळ्यांपुढील आकृतीचीं क्रमवार चित्रें दिलीं : आरंभीं नजरेजवळचा ठिपका, मग वांकडी दंतुर रेघ, मग फुगत जाणारें धनुष्य. तटावरूनच त्यानें या आकृतीस टायकॉप्सिया, म्हणजे तटदर्शन, असें ग्रीक नांव बनविलें. ही उपमा समजण्यास आपल्या डोंगरी किल्ल्यांचे वाटोळे बुरुज उपयोगी नाहींत. वसईच्या कोटाचा नकाशा ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं तेथील बाणाच्या टोंकांसारखे कोनाकार बुरुज आठवावे. तेंच हें चित्र. इ. स. १८७३ मध्यें एडवर्ड लिव्हिंग यानें या सर्व विकारावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या चित्रांच्या प्रसिद्धीनंतर जुन्या चित्रांत हाच विकार पाहण्याची टूम निघाली. जर्मनींतील बिंगेनची साध्वी हिल्डेगार्ड (इ. स. १०९८–११७९) हिच्या ‘स्किव्हिआस’ ग्रंथांतील दिव्य दर्शनांच्या चित्रांत तारे, ज्वाला व तटासारख्या आकृति आहेत. त्यांवरून चार्ल्स सिंगर या इतिहासकारानें इ. स. १९१७ मध्यें तिला अर्धशिशीचा विकार होता असें प्रतिपादिलें, आणि ऑलिव्हर सॅक्स यांच्या इ. स. १९७० च्या पुस्तकानें तें मत सर्वत्र पसरलें. पुढें इ. स. २०१४ मध्यें कॅथरीन फॉक्सहॉल यांनीं या निदानाचाच इतिहास तपासून, विसाव्या शतकाच्या कल्पना बाराव्या शतकावर कशा लादल्या गेल्या तें दाखविलें. संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या ग्रंथाची सचित्र मूळ पोथी वीस्बाडेनहून सुरक्षिततेसाठीं ड्रेस्डेन येथें हलविली गेली व इ. स. १९४५ च्या धामधुमींत नाहींशी झाली. आज रंगांविषयीं जो वाद होतो तो आयबिंगेनच्या मठांतील साध्वींनीं इ. स. १९२७ ते १९३३ या काळांत हातानें उतरलेल्या प्रतीच्या आधारें होतो. म्हणजे रोगी नाहीं, मूळ पोथी नाहीं, आणि निदान मात्र ठाम! तिमिर व अर्धावभेदक यांची मोट बांधणाऱ्यांनीं हें उदाहरण दृष्टीआड करूं नये.

(५) विकाराचें स्थान

हा विकार डोळ्यांत नाहीं, मेंदूंत आहे. याची खूण सोपी आहे : झटका चालू असतां एकदां उजवा व एकदां डावा डोळा झांकून पाहावा. दोन्ही डोळ्यांस रेघ त्याच बाजूस दिसते. दोन्ही मिटले तरी ती जात नाहीं. इ. स. १९४१ मध्यें कार्ल लॅशली या शास्त्रज्ञानें स्वतःच्या झटक्यांचीं चित्रें मिनिटामिनिटास काढून हिशेब केला, आणि मेंदूच्या मागील बाजूस जो दृष्टीचा भाग आहे त्यावरून कांहीं तरी मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर या वेगानें सरकत असावें असें ठरविलें. इ. स. १९४४ मध्यें आरिस्टिडीस लिआंव या ब्राझिली संशोधकानें सशांच्या मेंदूवर प्रयोग करतांना तशाच मंद गतीनें पसरणारी एक लाट पाहिली. तिच्या मागोमाग पेशींचें कार्य कांहीं काळ थंडावतें. इ. स. २००१ मध्यें झटका चालू असलेल्या माणसाच्या मेंदूचीं चित्रें घेण्यांत आलीं, तेव्हां या दोन गोष्टींचा मेळ बसला. लाटेचें तोंड म्हणजे ती लखलखणारी रेघ, आणि मागें राहिलेली थंड जागा म्हणजे तो दृष्टीचा खंड.

खंडाविषयीं एक गोष्ट पोथीवाचकांनीं विशेषेंकरून ध्यानांत धरावी. तो काळा दिसत नाहीं. मेंदु आसपासच्या रंगानें ती जागा भरून काढतो; आसपास कागद असेल तर कागदानें. म्हणून अक्षर पुसल्यासारखें न दिसतां तेथें अक्षर कधीं नव्हतेंच असें दिसतें. माझ्या हातून खोटा शेरा पडला तो यामुळें.

(६) कारणांची परीक्षा

सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या पहिल्याच अध्यायांत चिकित्सेचें सार निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणें, असें सांगितलें आहे. तेव्हां कारणें कोणतीं हें पाहूं. दृढबलाची यादी वर दिली. चरकाच्या सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायांत शिरोरोगांचीं सामान्य कारणें आहेत : वेगावरोध, दिवसा झोंप, रात्रीं जागरण, मद्य, मोठ्यानें बोलणें, दंव, न मानवणारा वास, धूळ, धूर, ऊन, रडणें, मेघांचें आगमन, मनस्ताप, देशकालांतील पालट. वाग्भटाच्या यादींत आणखी एक आहे, तें वाचून मी दचकलों : अधःप्रततेक्षण, म्हणजे सतत खालीं पाहत राहणें. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं इ. स. १८८० मध्यें मुंबईस छापविलेला हा ग्रंथ कितीक संशोधकांनीं मान खालीं घालूनच वाचला असेल!

आजचें वैद्यक मायग्रेनचीं म्हणून जीं कारणें सांगतें तीं या याद्यांहून फार दूर नाहींत : मनावरील ताण व तो ओसरल्यानंतरची ढिलाई, झोंपेचा कमीजास्तपणा, उपवास किंवा लांबलेलें जेवण, मद्य, हवापालट, उग्र वास, प्रखर किंवा लुकलुकणारा प्रकाश, स्त्रियांच्या बाबतींत मासिक धर्म. जवळ जवळ काढलेल्या समांतर रेषांनींही कांहीं रोग्यांस त्रास होतो; दाट शिरोरेषांनीं भरलेलें पोथीचें पत्र डोळ्यांपुढें धरून बसणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. उलटपक्षीं, दृढबल अति भोजनास दोष देतो आणि आजचें वैद्यक उपाशी राहण्यास. हा भेद झांकूं नये.

परंतु यादी ही साक्ष नव्हे. दहा कारणांच्या यादींतून प्रत्येकास आपलीं दोन-तीन कारणें निवडावीं लागतात, आणि त्यासाठीं पाठ ताडण्याची आपलीच पद्धत उपयोगी पडते. एका प्रतीवरून पाठ ठरत नाहीं. एका झटक्यावरून कारण ठरत नाहीं. मीं सात वर्षें एक रोजनिशी ठेविली. झटक्याच्या दिवशीं तिथि, वेळ, आदल्या रात्रीची झोंप, जेवणाची वेळ, हवा, उजेड व केलेलें काम हें लिहिलें. आणि ज्या दिवशीं झटका आला नाहीं त्या दिवसांचीही तीच नोंद ठेविली. हा दुसरा भाग पुष्कळ लोक गाळतात, आणि तो गाळल्यास रोजनिशी व्यर्थ होय.

याचें एक उदाहरण देतों. पोथ्यांच्या पेटींतील डांबराच्या गोळ्यांचा वास हेंच माझें मुख्य कारण, असा माझा पक्का समज होता. कारण झटक्याच्या दिवशीं पेटी उघडतां तो वास असह्य होई. वाग्भटाचा असात्म्यगंधही पाठीशीं होता. परंतु रोजनिशी पाहतां, पेटी तर मी आठवड्यांतून चार-पांच वेळां उघडीत होतों व त्यांपैकीं बहुतेक दिवस सुखाचे गेले होते. झटक्याच्या दिवशींच तो वास उग्र लागे. वैद्यक सांगतें कीं, झटक्यापूर्वीं कांहीं तास, क्वचित् एक-दोन दिवस, रोग्यास वास, उजेड व आवाज सोसत नाहींत, जांभया येतात, गोड खाण्याची वासना होते. म्हणजे वास हें निदान नसून पूर्वरूप होतें. गोड खाल्ल्यानें डोकें उठलें असें म्हणणाऱ्यांसही हाच न्याय लावून पाहावा. चोराच्या आधीं वाटेंत दिसलेला मनुष्य चोर ठरत नाहीं.

सात वर्षांच्या नोंदींतून माझ्यापुरतीं तीन कारणें टिकलीं : जागरण, लांबलेलें जेवण, आणि खिडकीकडे तोंड करून पांढऱ्या कागदावर पडलेल्या उन्हांत वाचणें. एकेकटें कारण पुष्कळदां निभावून जाई. दोन एकत्र आलीं म्हणजे झटका येई. आषाढांतल्या त्या दुपारीं तिन्ही एकत्र आलीं होतीं. मेघागम मला टाळतां येत नाहीं. परंतु हीं तीन मला टाळतां येतात. मेज वळवून घेतलें, जेवणाची वेळ बांधून घेतली, आणि रात्रीं दहानंतर पोथी बंद करूं लागलों. पूर्वीं वर्षास सात-आठ झटके येत. अलीकडे दोन किंवा तीन येतात. मात्र वाग्भटाचें सूत्र येथें माझ्यावरही लागू आहे : वयाबरोबर हा विकार पुष्कळांत आपोआपही कमी होतो, म्हणून सगळें यश मी मेजास देत नाहीं.

(७) उपशम

दृढबलानें अर्धावभेदकावर स्नेहपान, शिरोविरेचन व कायविरेचन, नाडीस्वेद, जुनें तूप, बस्ति, शिरोबस्ति आणि दहन इतके उपाय सांगितले आहेत. ते ग्रंथाच्या इतिहासाचा भाग म्हणून नमूद केले. कोणीं ते पोथी पाहून घरीं करूं नयेत.

दृष्टीचा झटका चालू झाल्यावर तो तेथल्या तेथें थांबविणारें खात्रीचें औषध आजही नाहीं. वाचन थांबवावें, वाहन चालवीत असल्यास बाजूस घेऊन उभें करावें, अंधाऱ्या व शांत खोलींत पडून राहावें, पाणी प्यावें. रेघ सामान्यतः पांच मिनिटांपासून एक तासाच्या आंत निघून जाते. मागाहून येणाऱ्या दुखण्यावर वेदनाशामक औषध लौकर घेतलें तर अधिक लागू पडतें. तें कोणतें हें वैद्यानें ठरवावें. इ. स. १९९१ पासून मिळूं लागलेलें सुमाट्रिप्टन व त्याच्या वर्गांतील औषधें पुष्कळांस गुणकारी ठरलीं आहेत, परंतु तीं रक्तवाहिन्या आकुंचित करतात म्हणून हृद्रोग्यांस वर्ज्य आहेत. साधीं वेदनाशामकें महिन्यांतून पंधरा दिवस, किंवा ट्रिप्टन वर्गांतील औषधें दहा दिवस, अशीं महिनोन् महिने घेत गेल्यास औषधच डोकेंदुखीचें कारण होतें. झटके वारंवार येत असल्यास ते येऊंच नयेत यासाठीं रोज घ्यावयाचीं औषधें निराळीं आहेत. दृष्टीचें पूर्वरूप असणाऱ्यांस पक्षाघाताचा संभव किंचित् अधिक असतो. त्यांनीं तंबाखू ओढूं नये, आणि स्त्रियांनीं संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीं हा विकार वैद्यास अवश्य सांगावा.

वोलॅस्टनचें स्मरण ठेवून आणखी एक सांगतों. पन्नाशीनंतर असा विकार प्रथमच झाला, दृष्टि हळूहळू न जातां एकदम गेली, एकाच डोळ्यापुढें पडदा आला, विकार तासाहून अधिक टिकला, अथवा हातपाय लुळा पडणें, तोंड वांकडें होणें, जीभ अडखळणें यांपैकीं कांहीं झालें, तर त्यास अर्धशिशी समजून अंधाऱ्या खोलींत पडून राहूं नये; तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें घटकाघटकेस मोल असतें.

(८) समारोप

तात्पर्य, आपल्या आचार्यांनीं दुखण्याचें रूप, त्याचा काळ व त्याचीं कारणें उत्तम पाहिलीं. दृष्टीचे चमत्कारही पाहिले. परंतु दोहोंची सांगड घातली नाहीं, आणि ती आपण त्यांच्या नांवावर घालूं नये. जें त्यांनीं लिहिलें तेंच मोलाचें आहे. न लिहिलेलें त्यांच्या मुखीं घालणें हाही एक दृष्टिदोषच. फरक इतकाच कीं, माझ्या झटक्यांत असलेलें अक्षर दिसेनासें होतें, आणि त्या दोषांत नसलेलें अक्षर दिसूं लागतें.

पाठ ताडणाऱ्या बंधूंस एक विनंति आहे. डोळ्यांपुढें चमकून गेलें, कीं त्या दिवशींच्या वहीच्या पानावर तशी खूण करावी, आणि त्या दिवशीं लिहिलेला ‘त्रुटित’ हा प्रत्येक शेरा दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या उजेडांत, शक्य तर दुसऱ्या डोळ्यांनीं पुन्हा पाहावा. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. लेखनिक आपल्या पोथीच्या शेवटीं पाठ, मान व दृष्टि मोडल्याची तक्रार करून वाचकाची क्षमा मागत असत. वाचकानेंही तितका प्रांजळपणा दाखवावा. माझे तिन्ही खोटे शेरे मीं वहींत खोडून टाकले नाहींत; त्यांच्याशेजारीं तारीख घालून ‘अक्षरें आहेत’ असें लिहून ठेविलें आहे. इत्यलम्.